तुझ्या दगडाची उंची

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू संशोधकांना पाठवलेली 32 ईमेल वाचली. म्हणजे एकच वाचली, कारण बाकीची 31 तीच होती, वरचं नाव तेवढं बदललेलं. ‘ग्रहविज्ञानात मला अतिशय रस आहे, आपल्या मार्गदर्शनाखाली संशोधनाची संधी मिळावी.’ एकाचंही उत्तर आलं नाही म्हणून तू चिडली आहेस. खरं सांगू का, मीही दिलं नसतं. आमच्याकडे कधीकधी पेशंट चिठ्ठी घेऊन येतो आणि तिच्यावर नुसतं ‘एक्स-रे’ लिहिलेलं असतं. हात की पाय, डावा की उजवा, काही पत्ता नाही. तो टेबलावर आडवा, मी मशीनपाशी उभी, आणि दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय. तुझी ईमेल त्या चिठ्ठीची बहीण आहे.

बरं, लिहिण्यासारखं तुझ्याजवळ नव्हतं असंही नाही. गेल्या रविवारी अर्धा तास तू मला चंद्रावरच्या एका दगडाबद्दल सांगत होतीस. चंद्राभोवती फिरणाऱ्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानाचं चित्र, एक पिक्सेल म्हणजे अर्धा मीटर, सपाट जमिनीवर पडलेली सावली 40 पिक्सेल, म्हणजे 20 मीटर. दगडाची उंची काढलीस ती आली जवळजवळ 35 मीटर. दोन दिवसांनी तुझा मेसेज: ‘आई, चुकलं.’ चित्रासोबतच्या माहितीत सूर्याचा 60 अंशांचा कोन दिला होता. तू तो क्षितिजापासूनचा धरलास, पण तो उभ्या रेषेपासून मोजलेला. क्षितिजापासून सूर्य 30 अंशांवरच होता. पुन्हा गणित केलंस आणि दगड साडेअकरा मीटरवर उतरला. सूर्य इतका खाली असताना सावली दगडापेक्षा लांबच पडायला हवी, हे तुझं तुलाच सुचलं. मुक्ता, अगं, हे लिहायचं होतं! रस आहे असं सांगणारे शंभर भेटतात. मी गाइड असते तर स्वतःची चूक स्वतः शोधून काढलेली मुलगी मला हवीशी वाटली असती.

तू म्हणतेस की मोठ्या संस्थेत शिरल्याशिवाय संशोधन होत नाही. माझ्या मते या विषयात गोष्ट जरा उलटी आहे. यानांनी पाठवलेली माहिती काही काळाने सगळ्यांसाठी खुली होते. नासाची प्लॅनेटरी डेटा सिस्टीम आहे, युरोपीय अवकाश संस्थेचा तसाच साठा आहे, चांद्रयान-2 ची माहिती इस्रोच्या प्रदान पोर्टलवर आहे. गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानावरच्या कॅमेऱ्याची कच्ची चित्रं तर कोणीही उतरवून घ्यावीत आणि त्यांच्यावर काम करावं. चित्रं इतकी आहेत की ती बघायला डोळे कमी पडतात.

लुजेंद्र ओझाचं उदाहरण मला फार आवडतं. अ‍ॅरिझोना विद्यापीठात तो पदवीचा विद्यार्थी होता. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरच्या हायराइझ कॅमेऱ्याने एकाच उताराची वेगवेगळ्या वेळी काढलेली चित्रं तो शेजारीशेजारी ठेवून बघत होता. त्यात त्याला बारीक काळसर रेघा दिसल्या, उन्हाळ्यात लांबत जाणाऱ्या आणि थंडीत पुसट होणाऱ्या. 2011 मध्ये त्यावर ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत लेख आला. प्रमुख लेखक होते आल्फ्रेड मॅकएवन, आणि लेखकांत या मुलाचंही नाव होतं. 2015 मध्ये ओझाच्याच लेखात त्या रेघांपाशी पाणी धरून ठेवणारे क्षार सापडल्याचं आलं, आणि मंगळावर वाहतं पाणी म्हणून जगभर गाजावाजा झाला. पुढे 2017 मध्ये दुसऱ्या लेखाने दाखवलं की रेघा जिथे थांबतात तिथला उतार बघता हे कोरड्या वाळूचं घरंगळणं असावं. त्या लेखाच्या लेखकांतही मॅकएवन होतेच. आपणच उभं केलेलं आपणच तपासायला घेतात, ही माणसं मला भावतात.

आणि ओझाने केलं काय? जुनी फिल्म आणि नवी फिल्म शेजारी लावली. आम्ही रोज तेच करतो.

रीतसर वाटाही आहेतच. ह्यूस्टनची लूनर अँड प्लॅनेटरी इन्स्टिट्यूट उन्हाळ्यात पदवीच्या विद्यार्थ्यांना दहा आठवडे एकेका शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम देते. अटी आणि तारखा नीट वाचून अर्ज कर. उपकरण बांधायची हौस असेल तर 2006 मध्ये निघालेल्या न्यू होरायझन्स यानावरचा धूळ मोजणारा यंत्रसंच विद्यार्थ्यांनी बांधला होता, आणि बेनू लघुग्रहाकडे गेलेल्या यानावर विद्यार्थ्यांचंच एक्स-रे उपकरण होतं. (हे कळल्यावर मी कामावर सगळ्यांना सांगून आले.) पण अशी दारं नेमकी त्या विद्यापीठांत असणाऱ्यांना उघडतात, तेव्हा त्यावर फार झुरू नकोस. आणि तू पाठवलेली ती ‘संशोधन प्रमाणपत्रा’ची जाहिरात: गाइड कोण, काम कोणत्या डेटावर, हे न सांगता जिथे आधी फी मागतात तिथे जायचं नाही. विषय संपला.

त्यापेक्षा दर मार्चमध्ये ह्यूस्टनजवळ जी चंद्र आणि ग्रहविज्ञानाची परिषद भरते, तिचे दोन पानी सारांश वाच. फुकट मिळतात. शेवटचा परिच्छेद आधी वाचायचा. काय करायचं राहिलंय ते बहुधा तिथे असतं. ज्यांचा सारांश तुला समजला अशा तिघांनाच लिही. चार ओळी पुरेत: कोणतं चित्र, काय मोजलं, कुठे चुकले, कुठे अडले.

चित्राचा क्रमांक मात्र दरवेळी लिहीत जा. एकदा घाईत माझ्या हातून डाव्या हाताच्या फिल्मवर उजव्याची खूण पडली होती. वेळीच लक्षात आलं, पण अजून आठवलं की पोटात गोळा येतो. परवा तू पाठवलेल्या चित्रात तर मला सगळीकडे फोडच दिसले. मोबाइल उलटा धरला तेव्हा त्यांचे खड्डे झाले. उजेड खालून आला की डोळा असा फसतो. कोणत्या बाजूने सूर्य आहे तेही वहीत मांड.

आता तुझ्या दगडाबद्दल. उतारावरून घरंगळत आलेला दगड मातीत चर पाडत येतो आणि त्या चरावरून तिथली माती किती घट्ट आहे याचा अंदाज बांधतात. 1972 मध्ये अपोलो 17 च्या अंतराळवीरांनी असाच खाली येऊन फुटलेला दगड तपासला होता. त्याचा माग वर उतारावर दिसत होता, त्यामुळे तो कुठून सुटला तेही सांगता आलं. तुझ्या चित्रात दगडाच्या डावीकडे, वरच्या अंगाला, मला एक पुसट रेघ दिसते आहे. फिल्मवरचा ओरखडाही अगदी अस्साच दिसतो, म्हणून पैज लावत नाही. त्याच जागेचं दुसऱ्या वेळी काढलेलं चित्र शोध, आणि रेघ तिथेही आहे का ते रविवारी फोनवर सांग.

तुझी,
आई