दोन नंबरचं औषध

संपादक महोदय,

सोयाबीनवर तणनाशक मारूनही तण मेलं नाही, औषध बोगस निघालं, अशी तक्रार आपल्या दैनिकात वाचली. बोगस औषध येतं, नाही असं नाही. पण मी बावीस वर्षं कृषी सेवा केंद्र चालवतो आणि सात एकर कोरडवाहू शेतीही करतो. त्यामुळे थोडं वेगळं सांगायचं आहे, आणि त्यात माझंही दुकान उघडं पडणार आहे.

गेल्या खरिपात सोयाबीनवर इमॅझेथापायर हे तणनाशक मी स्वतः मोजून मारलं. एकरी 400 मिली, तण दोन-तीन पानांवर, जमिनीत ओल. बाराव्या दिवशी धुऱ्याकडून आत गेलो तर एक सावा, म्हणजे सोयाबीनमधलं गवतवर्गी तण, पिवळा पडून, पानं लालसर होऊन बसलेला. त्याला खेटून, वीतभर अंतरावर, दुसरा सावा हिरवागार, वर फुटवेही फोडलेले. नोझल तुंबलं असतं तर सबंध तास (ओळ) राहिलं असतं. औषध बोगस असतं तर दोन्ही जगले असते. (केना या तणाचं सोडा, तो काही औषधांना मुळातच दाद देत नाही.) जो सावा दहा वर्षांपूर्वी याच औषधाने साफ होत होता, त्यातलाच एक मेला आणि एक उभा राहिला, म्हणजे शंका औषधावर नाही, सावलीसारख्या मागे लागलेल्या तणाच्या बियांवर घ्यायला हवी.

लाखो रोपांत एखादं असं जन्मतःच असतं, की औषध जिथे घाव घालतं तिथेच त्याची ठेवण जराशी वेगळी. फवारणी त्याला तयार करत नाही, फक्त त्याचे भाऊबंद मारून त्याला रान मोकळं करून देते. ते पिकतं, गळतं, उरलेलं मळणी यंत्रातून आणि कुटारातून गावभर फिरतं. पुढच्या वर्षी तेच औषध मारलं की पुन्हा तीच चाळणी.

आता माझ्या दुकानाचं. पेरल्याबरोबर डायक्लोसुलम आणि वीस दिवसांनी इमॅझेथापायर, असा जोड मी कित्येकांना दिला. शेतकऱ्याला वाटतं, दोन औषधं मारली. तणाच्या लेखी ते एकच, कारण दोन्ही तणातलं एकच विकर (एन्झाइम) बंद पाडतात. काही गिऱ्हाईकं तर तीन वर्षांत तीन वेगळ्या रंगांचे डबे घेऊन गेली, आत तिन्ही वेळा इमॅझेथापायरच. स्कीम ज्या डब्यावर, तो डबा पुढे, हा आमचा धंद्याचा नियम. निंदणाला बाई तीनशेच्या खाली मिळत नाही, डवरणीला बैलजोडी राहिली नाही, मग शेतकरी तरी काय करणार?

हरियाणात हे होऊन गेलंय. तिथल्या गव्हात मंडूसी नावाचं गवत, दिसायला थेट गव्हासारखं. वर्षानुवर्षं एकच आयसोप्रोट्युरॉन मारलं आणि 1990 नंतर ते चालेनासं झालं. काहींनी उभा गहू कापून जनावरांना घातला. मग नवी औषधं आली, पुढे तीही मंडूसीने पचवली.

आमच्याकडे चोर बीटीचं निराळंच प्रकरण. मान्यता नसलेली ही सरकी वऱ्हाडात घरोघर पोचली आहे. तिचं पीक ग्लायफोसेट हे तणनाशक सोसतं, म्हणून ते तिच्यावर बिनधास्त चालतं. अमेरिकेत जॉर्जियात अशाच ग्लायफोसेट सोसणाऱ्या कपाशीत काय झालं पाहा. 2005 च्या सुमारास आपल्या माठाच्या गोतातलं एक तण ग्लायफोसेटला पुरून उरलं आणि यंत्रांच्या त्या देशात माणसं खुरपी-कुदळी घेऊन शेतात उतरली. बियाणंच चोरीचं असल्यावर, औषध बदलून मार हे त्या शेतकऱ्याला सांगणार कोण?

माझी मागणी साधी आहे. तणनाशकांना त्यांच्या काम करण्याच्या पद्धतीनुसार जगभर गट-क्रमांक आहेत. इमॅझेथापायर आणि डायक्लोसुलम 2, पेंडीमेथॅलीन 3, क्विझॅलोफॉप 1, फोमेसाफेन 14. ऑस्ट्रेलियात हा गट लेबलवर ठळक छापतात. आपल्याकडे तो डब्याच्या दर्शनी भागावर, मराठीत, लांबून वाचता येईल एवढा मोठा असावा. आणि शेतात जगलेल्या सावाचं बी घेऊन त्याच्यावर अर्धी, पूर्ण, दुप्पट मात्रा मारून पाहण्याची सोय तालुक्याला व्हावी. कुंड्यांतलं काम आहे, फार खर्चाचं नाही. अकोल्याचं कृषी विद्यापीठ जवळ आहे, जबलपूरला तर तणांवरच राष्ट्रीय पातळीची संशोधन संस्था आहे.

तोवर मी माझ्या फळ्यांवर खडूने आकडे लिहिले आहेत. यंदा माझ्या वावरात पेरणीनंतर 3, उभ्या पिकात 14 आणि 1 चं मिश्रण, मध्ये एक डवरणी. सावाची उरलेली रोपं बी धरायच्या आत हाताने उपटली, त्यात दोन दिवस गेले.

परवा एक म्हातारबा दुकानात आले, फळीकडे बघून म्हणाले, "काहो भाऊ, आता उघडउघड दोन नंबरचा माल ठेवला काय?" त्यांना सगळं समजावून सांगितलं. ऐकून म्हणाले, "मग मागच्या साली कोणता दिला होता?" वही काढून पाहिली. दोन नंबरचाच होता.

— एक कृषी सेवा केंद्रचालक, ता. मंगरुळपीर, जि. वाशिम