केटे कोल्वित्स: मित्रास पत्र

पुणे

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

मुद्राचित्रांत मला एवढं काय दिसतं, असं तू मागच्या पत्रात विचारलंस. मुद्राचित्र म्हणजे साच्यावर काढून कागदावर छापलेलं चित्र. त्यासाठी जर्मन चित्रकार केटे कोल्वित्सबद्दलच लिहायला हवं.

१८६७ साली प्रशियातल्या कोनिग्सबर्गला जन्मलेली केटे लग्नानंतर बर्लिनच्या कामगार वस्तीत आली. नवरा कार्ल डॉक्टर. त्याच्या दवाखान्यात येणाऱ्या दमल्याभागल्या बायका तिच्या चित्रांत आल्या. प्रशियाच्या सायलेशिया प्रांतातल्या विणकरांच्या १८४४च्या उठावावर तिने सहा चित्रं केली, तीन लिथोग्राफ (दगडावर काढून छापलेली) आणि तीन एचिंग (आम्लाने धातूचा पत्रा कोरून छापलेली). १८९८च्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक द्यावं अशी शिफारस झाली, पण कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, ती फेटाळली.

मग १९१४, पहिलं महायुद्ध. धाकटा मुलगा पेटर अठरा वर्षांचा. सैन्यात जायला वडिलांची परवानगी हवी होती आणि कार्ल राजी नव्हता. केटेनेच त्याचं मन वळवलं. ऑक्टोबरात पोरगा बेल्जियममध्ये मारला गेला. सुधीर, तिचं पुढचं काम बघताना तो होकार माझ्या मनातून जात नाही. त्याच्या स्मारकाचं काम तिने मध्येच सोडलं, पुन्हा हाती घेतलं. गुडघे टेकलेले आईबाप, दोघं वेगवेगळ्या चौथऱ्यांवर, अखेर १९३२ साली तिथल्या दफनभूमीत बसले.

दरम्यान १९२०मध्ये जर्मन शिल्पकार बार्लाखचे वुडकट, म्हणजे लाकडी ठोकळा कोरून छापलेली चित्रं, पाहून तिने लाकूड कोरायला घेतलं. ठार काळं, लख्ख पांढरं. अशी तिने युद्धावर सात चित्रं केली, त्यांत रणांगण नाहीच. पहिल्यातच एक आई तान्हं बाळ दोन्ही हातांनी पुढे धरते. हे चित्र तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमलं असतं असं मला वाटत नाही.

नाझींनी १९३३मध्ये तिला प्रशियन कला अकादमीतून बाहेर पडायला लावलं. १९४०मध्ये कार्ल गेला. १९४२मध्ये नातू रशियात मारला गेला, त्याचंही नाव पेटरच. घर बॉम्बहल्ल्यात गेलं. २२ एप्रिल १९४५ला, युरोपातलं युद्ध संपायला सोळा दिवस उरले असताना, ती ड्रेस्डेनजवळच्या मोरित्सबुर्गला वारली.

त्याच शेवटच्या वर्षांतला तिचा एक लिथोग्राफ आहे. त्याचं नाव जर्मन कवी गोएटेच्या ओळीवरून घेतलेलं: पेरणीचं बियाणं दळू नये. हीच ओळ तिने १९१८मध्ये, आणखी पोरं लढाईवर धाडा म्हणणाऱ्या कवी डेमेलला जाहीर उत्तर देताना वापरली होती. चित्रात आईने तीन मुलगे आपल्या कोटाखाली घट्ट दाबून धरलेत आणि ते बाहेर डोकावायला धडपडताहेत.

हा लिथोग्राफ आणि तो पहिला वुडकट शेजारी ठेव, आणि फक्त आईचे हात बघ. काय वाटलं ते सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश