नामांकन नसलेली मते

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील ऑस्करवरच्या लेखात सुरुवातीच्या वर्षांतील विजेते आले, पण 1934 च्या चित्रपटांच्या वेळी उठलेले वादळ राहून गेले. त्या वर्षी अभिनेत्रींच्या नामांकनात तीनच नावे होती: क्लॉडेट कोल्बेर, ग्रेस मूर आणि नॉर्मा शियरर. ‘ऑफ ह्यूमन बाँडेज’ गाजवणारी बेटी डेव्हिस त्यात नव्हती. ती पगारावर वॉर्नर ब्रदर्सच्या, चित्रपट मात्र आरकेओचा. दुसऱ्याला उसन्या दिलेल्या नटीसाठी मते गोळा करायला कोणता स्टुडिओ धावणार? (शियररबाईंचे यजमान आयर्विंग थालबर्ग एमजीएमचे बडे निर्माते होते, हेही जाता जाता.)

ओरड इतकी झाली की अकादमीला मतपत्रिकेवर हाताने नाव लिहायची मुभा द्यावी लागली. तरी जिंकली कोल्बेरच. गंमत म्हणजे तीही उसनीच, पॅरामाउंटने कोलंबियाला दिलेली! प्रवासाला निघालेल्या बाईंना स्टेशनवरून बोलावून आणावे लागले.

पुढच्या वर्षी ‘डेंजरस’साठी डेव्हिसला पुरस्कार मिळाला. मला तरी ती आधीची भरपाईच वाटते. पण खरा चमत्कार हॅल मोर यांचा. नामांकन नसताना, निव्वळ हाताने लिहिलेल्या मतांवर त्यांनी ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’च्या छायाचित्रणाचा पुरस्कार पटकावला. असे जिंकलेले ते एकटेच, कारण त्यानंतर अकादमीने ही सोयच बंद केली. लेखाच्या पुढील भागात त्यांचा उल्लेख व्हावा.

– एक वाचक, पुणे