पायी नर्मदा परिक्रमा : एजंटाचे पैसे आणि तटावरचे सदाव्रत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चातुर्मास संपत आला की दैनिकांच्या छोट्या जाहिरातींत आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर पायी नर्मदा परिक्रमेच्या ‘बॅच’ची घोषणा होऊ लागते. निघण्याची तारीख, परतण्याची तारीख, ‘निवास-भोजनासह’, ‘सामानासाठी स्वतंत्र टेम्पो’, ‘अनुभवी मार्गदर्शक सोबत’ आणि खाली रक्कम, असा तिचा साधारण मजकूर असतो. मी ही परिक्रमा पायी केलेली असल्यामुळे ओळखीतले, विशेषतः नुकतेच निवृत्त झालेले लोक दरवर्षी विचारतात की पहिल्याच खेपेला स्वतः नियोजन करून निघावे की कोणाकडे तरी पैसे भरून मोकळे व्हावे. या प्रश्नाची चर्चा सोय, सुरक्षितता आणि खर्च एवढ्यावरच आटोपते. तटावर ज्यांच्या चुलीवर आपण जेवणार असतो, त्यांचा विचार त्या चर्चेत येत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि १३१२ किलोमीटर वाहून भरूचच्या पुढे खंभातच्या आखाताला मिळते. दोन्ही तट मिळून सव्वीसशे किलोमीटर होत असले, तरी ओढे-नाले, उपनद्यांची मुखे आणि धरणांच्या पाण्याला घातलेले वळसे धरता चाल तीन हजारांच्या पुढे जाते. रोज वीस-पंचवीस किलोमीटर म्हटले तरी चार ते पाच महिने हवेत. शास्त्रोक्त मुदत तर तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस अशी सांगतात. मैया, म्हणजे नर्मदा, सदैव उजव्या हाताला ठेवायची, मूळ पात्र कोठेही ओलांडायचे नाही आणि फक्त सागरसंगमापाशी होडीने तट बदलायचा, हे नियम बहुतेकांना ठाऊक असतात. ज्या व्यवस्थेवर हे सारे चालणे उभे आहे, तिची माहिती मात्र बहुतेकांना नसते.

आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर लांबचे पायी चालणे म्हटले की पंढरीची वारी असते, आणि घोळ तेथूनच सुरू होतो. आळंदी ते पंढरपूर हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा सोहळा मुळात समूहाचा आहे. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात त्याला जी शिस्त लावली, तिच्यात रथापुढची दिंडी कोणती, रथामागची कोणती, कोणाचा क्रमांक कितवा, हे सगळे ठरलेले आहे. दिंडीत नाव घातले की भिशी, म्हणजे जेवणखर्चाची वर्गणी, भरायची, दिंडीचा ट्रक शिधा आणि तंबू घेऊन पुढे जातो आणि स्वयंपाक दिंडीच्याच पैशांतून होतो. वाटेवरची गावे अन्नदान करतात ते वेगळे. परंतु दिंडी त्या अन्नदानाच्या भरवशावर निघालेली नसते. म्हणून वारीत पैसे भरून सामील होण्यात काहीही गैर नाही, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने दिंडीबरोबरच जावे असे मीही सांगतो.

परिक्रमेचे तसे नाही. तेथे परिक्रमावासी एकटादुकटा किंवा दोघे-तिघे येतो, हे गृहीत धरून तटावरची घरे, मंदिरे आणि आश्रम वर्षानुवर्षे चालले आहेत. कोणी आले की ‘नर्मदे हर’ होते आणि पहिला प्रश्न विचारला जातो, ‘कितनी मूर्ती?’, म्हणजे किती माणसे. त्या उत्तरावर कणीक भिजते. कोठे तयार भोजनप्रसादी मिळते, कोठे सदाव्रत, म्हणजे कोरडा शिधा हातावर ठेवतात आणि आपण शिजवून घ्यायचे असते. देणारे बरेचदा स्वतः अल्पभूधारक किंवा मजूर असतात आणि परिक्रमावासीकडून पैसे घेणे त्यांना पाप वाटते. आता याच चुलीपाशी एखादा व्यावसायिक पंचवीस-तीस माणसे घेऊन येतो, त्यांच्याकडून निवास-भोजनाचे पैसे त्याने पुण्या-मुंबईत आगाऊ घेतलेले असतात, आणि तटावर तो तेच निवास आणि तेच भोजन फुकट मिळवतो. सरसकट सगळ्यांवर हा आरोप नाही. स्वतःचा आचारी, स्वतःचा शिधा आणि राहुट्या बरोबर नेणारे आयोजकही मी पाहिले आहेत. पण जाहिरातीच्या मजकुरावरून एक कोणता आणि दुसरा कोणता, हे कळत नाही.

शूलपाणीची झाडी म्हणजे काठावरच्या डोंगराळ जंगलाचा पट्टा; तिच्या अलीकडे, दक्षिण तटावरच्या एका लहान आश्रमात आम्ही आसन लावले, म्हणजे मुक्काम केला होता. दोन खोल्या, पत्र्याची पडवी, एक चूल, आणि ते सारे सांभाळणाऱ्या एक वृद्ध माताजी व त्यांचा पुतण्या. दिवस मावळता मावळता एक मुलगा मोटारसायकलवरून आला आणि ‘पीछे अठ्ठाईस मूर्ती आ रहे हैं’ एवढे सांगून पुढच्या मुक्कामाची सोय बघायला निघून गेला. माताजींनी पिठाच्या डब्यात हात घालून तळ चाचपला आणि पुतण्याला पातेले देऊन शेजारच्या घरी पीठ मागायला पाठवले. गट आला तो दमलेला होता, त्या बिचाऱ्यांचा दोष नव्हता. कोणी आंघोळीला गरम पाणी मागितले, कोणी जादा सतरंजी, कारण निघताना त्यांना ते मिळेल असे सांगण्यात आले होते. माताजी रात्री उशिरापर्यंत चुलीपुढे बसून टिक्कड भाजत होत्या आणि गटातल्या दोन बायका न राहवून त्यांच्या मदतीला जाऊन बसल्या. सकाळी त्या गटातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी व्यवस्थापकाला माझ्यासमोर विचारले, “आमच्या पैशांतून यांना काय देता?” उत्तर आले, “काका, ही सेवा असते, ते पैसे घेत नाहीत.” मुख्याध्यापकांनी खिशातून जमेल तेवढे काढून दानपेटीत घातले आणि पुढे दिवसभर ते फारसे बोलले नाहीत, असे त्यांच्याच सोबत्याने नंतर सांगितले.

एजंटांचे सर्वांत मोठे भांडवल आहे भीती, आणि ती बहुतांशी शूलपाणीच्या झाडीची. पूर्वी या भागात परिक्रमावासींना अंगावरच्या वस्त्रांपर्यंत लुटले जाई, हे खरे. आज ते प्रकार थांबल्यात जमा आहेत. बडवानीकडून निघालेली वाट आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतून गुजरातेत उतरते. महाराष्ट्राच्या सीमेवरून नर्मदा जेमतेम ५४ किलोमीटर वाहते, आणि तेवढ्या काठावरची ३३ आदिवासी गावे सरदार सरोवराने बाधित झाली. जुनी वाट, जुने शूलपाणेश्वर मंदिर, सगळे पाण्याखाली गेले आणि मंदिर गोऱ्याला नव्याने बांधावे लागले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्याच पाड्यांवर आज परिक्रमावासीला भाकरी मिळते. त्यांची भीती दाखवून शहरात पैसे गोळा करायचे आणि मग त्यांच्याच दारात गट नेऊन बसवायचा, हा प्रकार मला तरी बघवत नाही.

दुसरा मुद्दा तारखांचा. दक्षिण तटावर विमलेश्वरला पोहोचल्यावर समोर मिठीतलाईला जाण्यासाठी होडी लागते. ती समुद्राच्या भरतीवर सुटते आणि गर्दीच्या दिवसांत नाव नोंदवून थांबावे लागते. तेथे कोणाचेही वेळापत्रक चालत नाही. शिवाय पाच महिन्यांत एखाद्याचा गुडघा सुजणार, कोणाला ताप येणार, कोणाच्या घरून निरोप येणार, हे ठरलेलेच आहे. स्वतंत्र चालणारा अशा वेळी एखाद्या आश्रमात चार दिवस आसन लावून पडून राहतो, नाहीच जमले तर तेथपर्यंतची खंड परिक्रमा मानून पुढच्या वर्षी त्याच जागेपासून पुढे निघतो. गटातल्या माणसाला टेम्पोत बसवून पुढच्या मुक्कामी नेले जाते, आणि पायी परिक्रमेचा संकल्प करून निघालेल्या माणसाच्या मनाला ते केवढे लागते, हे टेम्पोचे भाडे ठरवणाऱ्याला समजत नाही.

मग पहिल्यांदा जाणाऱ्याने स्वतः कसे जावे? सांगतो, आणि त्यात अवघड फार थोडे आहे. देवउठनी, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीनंतर निघावे, म्हणजे पाऊस संपून वाटा उघडलेल्या असतात आणि पुढचा उन्हाळा तापण्याआधी बरेच अंतर मागे पडते. आपल्याकडून खंडव्यापर्यंत रेल्वे आणि तेथून बसने ओंकारेश्वर हा सर्वांत सोपा मार्ग. संकल्पपूजा तेथे होते आणि परिक्रमावासी असल्याचा दाखलाही स्थानिक नगर परिषदेकडून मिळतो. त्यासाठी आधारकार्डाची प्रत आणि फोटो जवळ ठेवावेत. त्या दाखल्यावर किंवा वहीवर वाटेतल्या आश्रमांचे शिक्के घेत जावे. पाठीवरचे ओझे सात-आठ किलोंच्या वर जाऊ देऊ नये. दोन जोड कपडे, पांघरूण, ताट-वाटी, औषधे, विजेरी आणि नर्मदाजलाची कुपी, एवढ्यात भागते, मात्र पांघरुणात काटकसर करू नये, कारण अमरकंटक हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि काठावरची पहाट सगळीकडेच बोचरी असते. बूट नवे कोरे घालून निघणाऱ्यांचे पहिल्या आठवड्यातच हाल होतात. निघण्यापूर्वी दोन-तीन महिने पाठीवर तेच ओझे घेऊन रोज चालावे, डॉक्टरांकडून हृदय, साखर आणि गुडघे तपासून घ्यावेत. हमरस्त्याचा टप्पा उजेडातच उरकावा. वाळूचे डंपर पहाटेच्या अंधारात कसे येतात, हे पाहिलेल्याला याचे कारण सांगावे लागणार नाही.

सोबत दोघे किंवा तिघे, त्याहून जास्त नको. आश्रमात पोहोचल्यावर आपण किती आणि कधी निघणार हे आधी सांगावे, पाणी भरणे, भांडी घासणे, झाडलोट यांत हात लावावा, आणि निघताना गुपचूप दानपेटीत किंवा शिध्याच्या रूपाने काही ठेवावे. पैसे घेत नसतील तर गावच्या दुकानातून तेल, डाळ, साखर आणून देता येते. स्त्रियांना एकट्याने जमेल का, असे पुष्कळ जणी विचारतात. तटावर एकट्या चालणाऱ्या माताजी मला अनेकदा भेटल्या, पण पहिल्या खेपेला एक तरी सोबतीण असावी आणि अंधार पडण्यापूर्वी आसन लागलेले असावे, असे त्यांनीही सांगितले.

आपल्याला झेपेल की नाही याची शंका असेल, तर चैत्रात होणारी उत्तरवाहिनी परिक्रमा आधी करून पाहावी. गुजरातेत तिलकवाडा आणि रामपुरा यांच्या दरम्यान मैया उत्तरेकडे वाहते, तेवढ्याची ही परिक्रमा सुमारे वीस-एकवीस किलोमीटरची असते आणि एका दिवसात पुरी होते. एका दिवसाने पाच महिन्यांचा अंदाज पुरता येत नाही, हे मान्य. तरी उन्हात, गर्दीत, उपाशीपोटी आपला स्वभाव कसा होतो, एवढे तरी समजते.

एजंट कोणी घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. वय, आजार किंवा रजेची अडचण असणाऱ्यांसाठी बसने वा मोटारीने होणारी पंधरा-वीस दिवसांची परिक्रमा सरळ आणि प्रामाणिक मार्ग आहे. तेथे हॉटेल किंवा धर्मशाळा, आचारी आणि गाडी यांचे पैसे दिले-घेतलेले असतात आणि कोणाच्या पिठाच्या डब्यावर ताण येत नाही. पायी गटाबरोबरच जायचे असेल, तर पैसे भरण्यापूर्वी आयोजकाकडून लेखी घ्यावे की रात्रीचा मुक्काम कोठे असेल, शिधा कोणाचा असेल, आश्रमांना प्रतिव्यक्ती काय दिले जाईल, आणि मध्येच परतावे लागल्यास किती रक्कम परत मिळेल. पक्की पावती मागावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतल्या त्रुटीची तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही करता येते, आयोजकाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मात्र हातात कागद नसेल तर तेथे बोलणार काय?

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. अशा जाहिराती स्वीकारताना, भोजन आयोजकाच्या शिध्यातून दिले जाणार की तटावरच्या अन्नक्षेत्रांतून, एवढी एक ओळ जाहिरातदाराकडून मागून घ्यावी आणि ती रकमेच्या शेजारीच छापावी. यंदाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी हे झाले, तर पैसे भरू पाहणाऱ्या वाचकांना योग्य तो प्रश्न वेळेवर विचारता येईल.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा