पाठ सरळ होती तेव्हाच ब्रेस देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

लेक वाढली की तुम्ही तिला नवा ब्रेस, म्हणजे धडाला आधार देणारं कवच, करून देता. समोर भेटलो की बोलणं मापं आणि पट्ट्यांवरच संपतं, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

मज्जारज्जूला इजा झाली तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. डॉक्टरांनी तुमच्याकडे पाठवलं, त्या वेळी तिला बसवून काढलेल्या एक्स-रेमध्ये कणा जवळजवळ सरळ होता. मग एवढ्याशा पोरीला दिवसभर प्लास्टिकच्या कवचात कशाला बसवायचं, असं घरातल्या सगळ्यांनीच विचारलं. तुम्ही प्रश्न झटकला नाहीत. धडाच्या स्नायूंचा आधार गेलाय, कणा मात्र वाढतच राहणार; लहान वयात अशी इजा झालेल्या जवळजवळ सगळ्याच मुलांची पाठ वाढत्या वयात बाजूला वाकते, हे तुम्ही शांतपणे समजावलंत. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दलही सांगितलंत. कण्याचा बाक 10 अंशांच्या आत असतानाच ब्रेस सुरू केलेल्या मुलांपैकी, ब्रेस न घातलेल्यांपेक्षा कमी जणांना कण्याची शस्त्रक्रिया लागली होती. 20 अंशांच्या पुढे गेल्यावर सुरू केला तर तसा फायदा दिसला नव्हता. म्हणजे पाठ सरळ दिसत होती, तीच वेळ होती.

आणि त्याच बैठकीत तुम्ही हेही सांगितलंत, की ब्रेस घालूनही शस्त्रक्रिया टळेलच असं नाही. पण ती काही वर्षं पुढे गेली तरी तेवढी धडाची उंची वाढते, फुप्फुसांना जागा मिळते. खोटी आशा न दाखवता धीर देणारी माणसं आम्हाला त्या काळात फार थोडी भेटली. तुम्ही त्यांतल्या एक.

पहिला ब्रेस घालून ती बसायला लागली छान, कंबर एका बाजूला कलायची थांबली, दोन्ही हात मोकळे झाले. पुढे ती स्वतः कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालायला शिकू लागली तेव्हा मात्र ब्रेसची पुढची कड आड यायची, चाकं ढकलताना काखेत घासायचं. तुम्ही तिला तिच्याच व्हीलचेअरवर बसवून सगळं करून दाखवायला लावलंत. खाली पडलेली पेन्सिल उचलायलाही सांगितलंत! मग कडा कापून, घासून, पुन्हा घालून पाहिलंत, तिचं समाधान होईपर्यंत. तिच्या हातातलं काम हिरावून घेणारा ब्रेस कपाटातच पडून राहतो, हे तुमचं म्हणणं मला मनापासून पटलं. कोन मोजणारे पुष्कळ आहेत. तिचा दिवस कसा जातो ते तुम्ही विचारलंत.

त्वचेचं तर तुम्ही आम्हाला अक्षरशः शिक्षणच दिलंत. तिला टोचलेलं कळत नाही, म्हणून आत सुती, बिनशिवणीचा, सुरकुती नसलेला बनियन. ब्रेस काढला की पाठ, बरगड्या, कमरेची हाडं नीट बघायची. लाली अर्ध्या तासात उतरली नाही तर ब्रेस पुन्हा चढवायचा नाही, तुम्हाला फोन करायचा. तिची इजा छातीच्या वरच्या भागात आहे. त्यामुळे अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. अशा वेळी तिला ताठ बसवून आधी पट्टे सोडायचे, मग लघवी तुंबली आहे का ते पाहायचं, आणि तरीही उतरलं नाही तर थेट दवाखाना. हे तुम्ही तिच्या शिक्षकांसाठीही लिहून दिलंत. शाळेत एकदा ते खरोखर उपयोगी पडलं, ताई. त्याचे आभार कसे मानू?

आता ती वयात येतेय, उंची भराभर वाढतेय. बाक थोडा सरकलाय आणि सर्जन पुढच्या काही वर्षांबद्दल बोलू लागलेत. आम्ही घाबरलेलो नाही, कारण हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. पुढच्या साच्यासाठी येतोच आहोत. नुकतीच इजा झालेल्या एखाद्या मुलाचे आईवडील तुमच्यासमोर बसले, आणि पाठ सरळ असताना ब्रेस कशाला असं विचारू लागले, तर त्यांना आमचा नंबर नक्की द्या. मी बोलेन, आणि लेकीलाही बोलायचंय.

तुमची कृतज्ञ,
एक आई