शेजारची रिकामी सीट

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज म्हणालास, "आई, ट्रेन गच्च भरली तरी माझ्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी असते," आणि लगेच विषय बदललास. मीही तेव्हा काही बोलले नाही. पण रात्री झोप येईना. त्या सीटच्या शेजारी मीही बसलेली आहे रे.

तुझ्या जन्माआधी मीही दोन वर्षं तुझ्यासारखीच परदेशात होते. तिथली थंडी, तिथली शिस्त याबद्दल तुला बरंच सांगितलं. हे सांगायचं राहिलं. मी रोज संध्याकाळी वाचनालयात जायचे, खिडकीजवळच्या टेबलावर बसायचे. एकदा चार दिवस तापाने पडून होते. पाचव्या दिवशी गेले, तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "चार दिवस दिसला नाहीत! आणि आज निळा कोट नाही का?" त्यांनी मायेनेच विचारलं होतं, पण माझ्या पोटात गोळा आला. मी कधी येते, कुठे बसते, काय घालते, सगळं तिथल्या लोकांना पाठ होतं. नाव मात्र त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

लोक बघतात याची सवय होते. आपण सगळ्यांना दिसतो आणि ओळखत कुणीच नाही, याची मला शेवटपर्यंत झाली नाही.

तुझा तो सहकारी तुला दुसऱ्याच मुलाच्या नावाने हाक मारतो, त्याचंही हेच आहे. त्याच्या मनात काही वाईट असेलच असं नाही. तीन महिन्यांच्या बाळाला वेगवेगळ्या वंशांचे चेहरे वेगळे ओळखता येतात. नऊ महिन्यांचं होईपर्यंत रोज पाहण्यातले असतात तसेच चेहरे नीट ओळखू येतात. बाकीच्यांची ओळख पुढे सहवासाने वाढवावी लागते. म्हणून त्याच्यावर राग धरू नकोस, पण गप्पही बसू नकोस. दर वेळी आपलं नाव सांग, दहाव्यांदा सांगावं लागलं तरी.

मी एक चूक केली, ती तू करू नकोस. मी दोन वर्षं परीक्षेला बसल्यासारखी वागले. बसमध्ये कधी मोठ्याने हसले नाही. रस्ता रिकामा असला तरी लाल दिवा असताना कधी पाऊल टाकलं नाही. नियम पाळायचा म्हणून नव्हे. मी चुकले तर "हे लोक असेच" म्हणतील, या धास्तीने. चांगलं वागणं वेगळं आणि अख्खा देश डोक्यावर घेऊन फिरणं वेगळं. तुला तिथे कुणी देशाचा वकील म्हणून पाठवलेलं नाही. तुलाही आळस येऊ दे, चिडचिड होऊ दे.

आनंदीबाई जोशींचा एक फोटो आहे, 1885 सालचा, फिलाडेल्फियातल्या त्यांच्या वैद्यकीय महाविद्यालयातला. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशी पोशाखातल्या सीरियाच्या सबात इस्लामबूली. अठराव्या वर्षी अमेरिकेला गेलेली ही मुलगी त्या शहरात रस्त्यावर रोज किती नजरा झेलत असेल! फोटोखाली तिघींची नावं-गावं लिहिली आहेत, पण आनंदीबाईंच्या गावाचं नाव धड लिहिलेलं नाही. तेव्हाही तेच, बघ. तरी मला तो फोटो फार आवडतो, कारण त्या चौकटीत तिघीही परक्या आहेत, म्हणून तिथे कुणीच वेगळं दिसत नाही.

तशी माणसं तुला मिळोत. ती तुझ्याच देशाची असायला हवीत असं नाही. ज्यांच्यात बसल्यावर तासभर आपला चेहरा कसा दिसतो हे विसरायला होतं, ती.

आणि एक. कुतूहलाने बघणारा आणि द्वेषाने बघणारा यांतला फरक अंगाला आपोआप कळतो. दुसरा भेटला तर वाद घालत थांबू नकोस, चार माणसांत जा, आणि घरी लपवू नकोस. "आई काळजी करेल" म्हणून तर मुळीच नको. काळजी मी करतेच आहे.

रविवारी फोन कर. सहकाऱ्याने तुझं नाव बरोबर घेतलं का, ते आधी सांग.

तुझी,
आई