बोअरच्या आकड्यावरून पिस्तुलाचा धक्का कळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण पिस्तुलांवर पानभर लेख आणि सोबत तक्ता छापलात. हा विषय मराठीत क्वचितच येतो, त्याबद्दल आभार. पण त्या तक्त्यात बोअरचा आकडा चढत जातो तसा 'धक्का' (गोळी सुटताना हाताला बसणारा झटका) या रकान्यातला बाणही चढत जातो, आणि खाली टीप आहे की महिलांनी व नवख्यांनी 'लहान बोअरचं, वजनाला हलकं' शस्त्र निवडावं. यातलं 'लहान बोअर' निम्मं खरं आहे. 'वजनाला हलकं' मात्र साफ उलटं आहे. रेंजवर पोरांना पिस्तूल धरायला शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून गप्प बसवेना, म्हणून हा पत्रप्रपंच.

बोअर म्हणजे नळीचा व्यास, त्यापलीकडे काही नाही. (बिंदूने सुरू होणारे आकडे इंचातले.) ९ मि.मी., .३८ स्पेशल, .३८० आणि .३५७ मॅग्नम या चारही काडतुसांच्या गोळ्या जाडीला जवळपास सारख्या, सगळ्या नऊ मिलिमीटरच्या आसपास. तरी .३८० सौम्य आणि .३५७ मॅग्नम हात झिणझिणवणारं. १९३५ साली आलेलं हे मॅग्नम म्हणजे .३८ स्पेशलचीच पुंगळी (दारू भरलेलं नळकांडं) थोडी लांब करून तिच्यात दाब वाढवलेला. तक्त्यात या दोघांना वेगवेगळे बाण कोणत्या हिशेबाने दिले, ते लेखकच जाणोत.

हिशेब तसा सोपा आहे. गोळीचं वजन गुणिले तिचा वेग, तेवढाच रेटा उलट दिशेने पिस्तुलाला मिळतो. ९ मि.मी.ची गोळी साधारण ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३६० मीटरच्या आसपास. .४५ची गोळी १५ ग्रॅमची, वेग २६० मीटर. म्हणजे .४५चा रेटा एक तृतीयांशाने जास्त, दुप्पट नव्हे. पण तो रेटा झेलतं कोण? आधी पिस्तूल, मग हात. पिस्तूल जितकं जड तितकं ते मागे सावकाश येतं. .४५चं 'कोल्ट १९११' नावाचं जुनं पोलादी पिस्तूल रिकामं असताना १,१०० ग्रॅमचं. त्याच्याशेजारी ६०० ग्रॅमचं पॉलिमरचं छोटं ९ मि.मी. ठेवा. हातात उतरणारी धक्क्याची ऊर्जा दोन्हींत जवळजवळ सारखी भरते. आपल्या तक्त्यात या दोघांत तीन बाणांचं अंतर आहे.

हलक्या वजनाचा मुद्दा आपल्याकडे २०१४ सालीच गाजला होता. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने 'निर्भीक' नावाचं .३२चं रिव्हॉल्व्हर खास महिलांसाठी म्हणून आणलं. टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन ५०० ग्रॅमच्या आसपास, पर्समध्ये मावेल असं. कौतुक वजनाचंच झालं. आता त्याचं काडतूस बघा: .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. सेंटर फायर (.२२हून मोठ्या काडतुसांच्या पिस्तुलांच्या) स्पर्धेत जगभरचे नेमबाज हेच काडतूस वापरतात. तिथे नियम .३०पासून .३८पर्यंत मोकळीक देतो, तरी बहुतेकांचा कल .३२कडेच, कारण झटका कमी. पण त्यांच्या हातातलं पिस्तूल किलोच्या वरचं असतं. नियमाची कमाल मर्यादा १,४०० ग्रॅम आहे आणि त्या मर्यादेकडे ते आनंदाने सरकतात. तीच गोळी ५०० ग्रॅमच्या शस्त्रातून झाडली की धक्क्याची ऊर्जा दुपटीहून जास्त. पर्ससाठी हलकं ठीक आहे, हातासाठी नाही. नवखी व्यक्ती आणि हलकं शस्त्र ही जोडी तर मला सगळ्यांत नकोशी वाटते.

लेखात रचनेबद्दल एक ओळही नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. धक्का नळीच्या रेषेत मागे येतो. आपली मूठ त्या रेषेच्या खाली असते. दोन्हींत जितकं अंतर, तितकं पिस्तुलाचं तोंड वर उचललं जातं, कारण मनगट बिजागरीसारखं वागतं. म्हणून ऑलिंपिकच्या पिस्तुलांत नळी अंगठ्याच्या बेचक्याला जवळजवळ टेकलेली असते. १९५०च्या दशकात सोव्हिएत कारागिरांनी तर कमाल केली: एमटीएस-३ नावाचं पिस्तूल उलटं करून बनवलं, नळी थेट हाताच्या पातळीत. तोंड उचललं जाण्याचा प्रश्नच मिटला. पुढे नियम बदलून ते बादच करावं लागलं.

स्लाइडचं, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागाचं, तंत्रही तितकंच महत्त्वाचं. ९ मि.मी. आणि त्यावरच्या बहुतेक पिस्तुलांत गोळी सुटल्यावर नळी आणि स्लाइड थोडं अंतर एकत्र मागे जातात, मग नळी खाली झुकून सुटते. ही अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगची पद्धत. आपल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यातल्या ९ मि.मी. पिस्तुलाचा मूळ नमुना ब्राउनिंग हाय पॉवरचाच. छोट्या .३२ आणि .३८०मध्ये बहुधा हा सोपस्कार नसतो. नळी पक्की, स्लाइड केवळ स्वतःच्या वजनावर आणि स्प्रिंगवर थोपलेली. म्हणूनच वॉल्थर पीपीके या छोट्या .३८० पिस्तुलात हाताला जे टोचतं, ते त्याहून ताकदवान काडतुसाचं मोठं ९ मि.मी. टोचत नाही. शिवाय त्या कडक स्प्रिंगमुळे स्लाइड ओढताना बारीक मनगटाच्या माणसाची दमछाक होते ती वेगळीच. दुकानदार हे सांगत नाही.

मोठ्या बोअरचा मोह काय करतो याचं सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतलं. ११ एप्रिल १९८६ला मायामीत एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपास संस्थेची दोन गुन्हेगारांशी चकमक झाली, दोन एजंट मारले गेले. एका गुन्हेगाराला लागलेली ९ मि.मी.ची गोळी हृदयापर्यंत न पोहोचता थांबली होती. खापर काडतुसावर फुटलं. मग १० मि.मी. आलं. ते अनेकांना पेलेना, म्हणून त्यातला जोर कमी केला. जोर कमीच करायचा तर एवढी लांब पुंगळी कशाला, या विचारातून १९९०मध्ये .४० स्मिथ अँड वेसन जन्माला आलं आणि अमेरिकेतल्या पोलिसांनी ते डोक्यावर घेतलं. एफबीआयही त्याच्यावर गेली. आणि २०१५-१६च्या सुमारास? परत ९ मि.मी. कारण मधल्या काळात गोळ्या सुधारल्या होत्या आणि बहुसंख्य एजंट ९ मि.मी.ने जलद आणि अचूक मारत होते. तीस वर्षांचा वळसा घालून स्वारी मूळ ठिकाणी.

हा धडा इंग्रजांनी त्याआधीच गिरवला होता. पहिल्या महायुद्धात त्यांच्या अधिकाऱ्यांच्या कमरेला .४५५चं वेब्ली रिव्हॉल्व्हर असे. युद्धानंतर लष्कराने ठरवलं की थोडक्या सरावात नव्या माणसाला तयार करायचं तर .३८ बरं, १९३२ला एनफिल्ड रिव्हॉल्व्हर आलं. आपल्याकडचे जुने पोलीस हवालदार '.३८' म्हणून ज्याची आठवण काढतात, ते त्याच घराण्यातलं.

आता नियंत्रणाबद्दल, कारण धक्का गोळी सुटल्यावर येतो आणि नेम त्याआधीच चुकलेला असतो. आमच्याकडे नवीन मुलगी किंवा मुलगा आला की मी मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांत एक खोटं काडतूस मिसळून देतो. परवा एका कॉलेजच्या मुलीला तसंच दिलं. दोन गोळ्या कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात. ती म्हणाली, "सर, हे पिस्तूल फार उसळतं." तिसऱ्या वेळी नुसता 'टक्' आवाज झाला. धक्का शून्य, आणि पिस्तुलाचं तोंड चार बोटं खाली गेलं. तिचं तिलाच दिसलं. धक्का येणार म्हणून हात आधीच ढकलतो, ही खोड मोठ्या धक्क्याने लागते आणि वर्षभर सुटत नाही. म्हणून सुरुवात .२२ने, आणि तीही भरभक्कम पिस्तुलाने. आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं, ते .२२नेच. लंडनला २०१२मध्ये विजय कुमारने रॅपिड फायरचं रौप्य मिळवलं, तेही .२२ने. तिथे शेवटी चार सेकंदांत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या मारायच्या असतात. दुसरी गोळी मारण्याआधी साइट (नेम धरायची खूण) जागेवर परत आली नाही तर सगळंच संपलं.

तेव्हा विनंती एवढीच, की तक्ता पुन्हा छापणार असाल तर बोअरऐवजी काडतुसाचं पूर्ण नाव द्या, आणि रिकाम्या शस्त्राचं वजन, नळीची मुठीपासूनची उंची व स्लाइडची पद्धत हे तीन रकाने वाढवा. जागा कमी पडत असेल तर बाणांचा रकाना काढून टाकला तरी चालेल. महिलांसाठीची टीप मात्र पुढच्या रविवारची वाट न पाहता दुरुस्त करावी. ती वाचून कोणी परवान्याच्या अर्जासोबत अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर पसंत करून बसायला नको.

आपला,
एक नेमबाजी प्रशिक्षक, कोल्हापूर